शुगर आणि बीपी आहे, टर्म इन्शुरन्स कसा काढायचा? (कोल्हापूर)

फुलेवाडी_४२

नमस्कार मंडळी. वय ४२, शिरोली एमआयडीसीत नोकरी, पगार वर्षाला सव्वासहा लाख. शुगर २०१९ पासून, फक्त गोळ्यांवर (मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, ग्लिमेपिराइड १ सकाळी), इन्सुलिन नाही. बीपीला टेल्मिसार्टन ४०, २०२१ पासून. गेल्या महिन्याचं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ७.९. उंची ५ फूट ६ इंच, वजन ८६ किलो. घराच्या कर्जाचे अजून २४ लाख बाकी, दोन मुलं शाळेत. ७५ लाखांचा टर्म (मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा) काढायचा आहे.

ओळखीतले एजंट म्हणतात, "शुगरचं लिहूच नका, तीन वर्षं निघाली की कंपनीला काही करता येत नाही." ऑनलाइन बघितलं तर २२ हजारांच्या आसपास हप्ता दिसतो, पण फोनवर शुगर सांगितली की "कळवतो" म्हणतात आणि पुढं काहीच नाही. खरं लिहिलं तर विमा मिळतो का? किती जादा भरावं लागतं? आणि दोन-तीन कंपन्यांत एकदम अर्ज टाकून ठेवले तर चालतं का?

छाननी_टेबल

सगळ्यात आधी त्या "लिहू नका"चं बघू, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि तेच घातक आहे. विमा कायदा १९३८, कलम ४५. २०१५ च्या दुरुस्तीपासून असं आहे की तीन वर्षांनंतर कंपनीला कुठल्याही कारणावरून पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण ती तीन वर्षं पॉलिसी निघाल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची तारीख किंवा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) जोडल्याची तारीख, यांतली जी सगळ्यात उशिराची ती धरून मोजतात. एक हप्ता चुकून पॉलिसी लॅप्स झाली आणि रिव्हाइव्ह केली की घड्याळ पुन्हा शून्यावर.

आणि त्या तीन वर्षांत माणूस गेला तर? कंपनीने फसवणुकीचा मुद्दा काढला, तर ती नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने वारसांवर येते. म्हणजे तुम्ही नसताना तुमच्या मिसेसना सिद्ध करावं लागणार की तुम्ही मुद्दाम लपवलं नव्हतं. सात वर्षांची गोळ्यांची चिठ्ठी घरात असताना ते कसं सिद्ध करणार? फसवणूक नाही, नुसती चुकीची माहिती असं ठरलं तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत मिळतात. विम्याची रक्कम नाही, हप्ते. तुमच्या हिशोबाने ७५ लाखांच्या जागी चाळीस-पन्नास हजार.

आता विमा मिळतो का? तुमच्यासारख्या केसेस रोज येतात आणि बऱ्याचशा मंजूर होतात. हिशोब साधारण असा असतो: त्या वयाच्या निरोगी माणसाची जोखीम १०० धरतात. मग शुगर किती वर्षांची, कितव्या वर्षी लागली, एचबीएवनसी किती, लघवीत प्रोटीन जातं का, बीपी, वजन, तंबाखू, आईवडिलांचं हृदयविकाराचं वय, याचे गुण वर चढत जातात. बेरीज १७५ झाली तर ७५ टक्के जादा. उदाहरण म्हणून २२ हजारांचा हप्ता ३८,५०० होईल. तुमच्यात शुगर, बीपी आणि वजन (बीएमआय ३० च्या थोडा वर) तिन्ही एकत्र आहेत आणि एकत्र असले की नुसत्या बेरजेपेक्षा जास्त धरतात, त्यामुळे लोडिंग (म्हणजे जादा हप्ता) येणार हे मनाशी ठेवूनच चला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा आधी जादा हप्त्यावरही १८ टक्के पडायचे ते आता पडत नाहीत.

उत्तर चारपैकी एक येतं: साध्या हप्त्यात मंजूर, जादा हप्त्यात मंजूर, पोस्टपोन म्हणजे काही महिन्यांनी या, किंवा नाकारलं. जादाच्या वेळी काउंटर ऑफर येते: हप्ता वाढतो, कधी रक्कम ७५ वरून ५० वर आणतात, कधी मुदत ६० वर्षांपर्यंतच देतात, क्रिटिकल इलनेसचा रायडर बहुधा काढून टाकतात. तुम्ही लेखी संमती दिल्याशिवाय त्या अटींवर पॉलिसी निघत नाही, म्हणून घाई करून ओटीपी देऊ नका.

दोन-तीन ठिकाणी एकदम अर्ज नको. प्रत्येक फॉर्मवर विचारतात: दुसरीकडे अर्ज चालू आहे का, पूर्वी कुणी नाकारलाय, पोस्टपोन केलाय का, जादा हप्ता लावलाय का. एका जागी नकार आला की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो लिहावाच लागतो आणि छाननीवाला तिथंच थांबतो. चालू असलेल्या पॉलिसीही सगळ्या लिहा. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी लपवली म्हणून नाकारलेला दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कंपनीच्या बाजूने ठरवला होता आणि न वाचता सही केली हे कारण तिथं चाललं नाही.

त्याऐवजी आधी फाईल करा. एजंट एकाच आयुर्विमा कंपनीचा असतो, ब्रोकरकडे अनेक असतात. ब्रोकरला रिपोर्ट दाखवून अर्ज न करता अंदाज विचारता येतो. फाईलमध्ये: तीन महिन्यांच्या अंतराने काढलेली एचबीएवनसीची किमान दोन रिपोर्टं, क्रिएटिनिन आणि लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन (दोन्ही किडनीसाठी), डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लिपिड, ईसीजी, मागच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या, कधी ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड. शुगर ७.९ आहे यापेक्षा सात वर्षांत किडनी आणि डोळे साफ आहेत याला जास्त किंमत असते. ईसीजीचा कागद थर्मल असतो, वर्षा-दोन वर्षांत रेघा उडतात आणि पांढरा कागद हातात राहतो. आजच झेरॉक्स मारून ठेवा.

उत्पन्नाचा पुरावा म्हणून फॉर्म १६ आणि रिटर्न लागतील, तुमचं सोपं आहे. शेती असणाऱ्यांना इथं अडचण येते: कारखान्याचं ऊसबिल आणि सातबारा असूनही रिटर्न भरलेलं नसल्यामुळे मोठी रक्कम मिळत नाही.

लॅब_राजारामपुरी

मेडिकलच्या दिवसाबद्दल सांगतो, कारण उगाच खराब रिपोर्ट येऊन लोडिंग वाढतं असं फार होतं.

उपाशी म्हणजे १० ते १२ तास. साधं पाणी चालतं, चहा नाही. १६-१७ तास उपाशी राहिलात तर शुगर "छान" येईल असं समजू नका, गोळ्यांवर असलेल्यांना चक्कर येते आणि रिपोर्टचाही फायदा नाही. आदल्या रात्री तांबडा-पांढरा आणि मटण टाळा. त्यानं ट्रायग्लिसराइड चढतात. दारू किमान दोन-तीन दिवस नको.

बीपीची गोळी रोजच्या वेळेला घ्यायचीच, थोड्या पाण्याबरोबर. "टेस्ट आहे म्हणून घेतली नाही" हे वाक्य रोज ऐकायला मिळतं आणि मग १६८/१०४ लागतं. शुगरची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, सोबत आणा, उपाशीचं रक्त दिल्यावर खाण्याबरोबर घ्या. जेवणानंतरच्या रक्तासाठी दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही.

बीपी घेताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन या, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पहिलं रीडिंग जास्त आलं तर पुन्हा घ्यायला सांगा, हक्कानं सांगा. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटं वाढीव येतं, मोठा पट्टा मागून घ्या.

तालमीत किंवा जिममध्ये जाणाऱ्यांनी आदल्या दोन दिवसांत जोर-बैठका, वजनं बंद ठेवा. भारी व्यायामानं एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतला आकडा) चढतं, क्रिएटिनिन वर सरकतं, लघवीत प्रोटीन दिसू शकतं, आणि छाननीला बसलेल्याला तुम्ही पैलवान आहात हे दिसत नाही, त्याला किडनी दिसते. बायकांनी पाळीच्या दिवसांत लघवी देऊ नये. डेंग्यू, टायफॉइड, कावीळ होऊन गेली असेल तर दीड-दोन महिने थांबा.

एचबीएवनसीला आदल्या दिवशीचं पथ्य उपयोगी नाही. ते मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असलं तर आकडा फसवा येतो, तसं असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा.

आणि तंबाखू. फॉर्मवर "धूम्रपान करता का" एवढंच वाचून लोक "नाही" लिहितात. कंपनी लघवीतलं किंवा रक्तातलं कोटिनिन (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) बघते. त्याला विडी, गुटखा, मावा, चुना-तंबाखू सगळं सारखंच. आपल्या भागात बायका मिश्री लावतात आणि ती व्यसनात मोजतच नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून रक्तात जाते, कोटिनिन पॉझिटिव्ह येतं. मग हप्ता वाढतो तो वेगळाच, पण "नाही" लिहिलेलं खोटं ठरतं आणि बाकीच्या उत्तरांवरचा विश्वासही जातो. मिसेसचा विमा काढताना हे जरूर विचारा, दिवसातून कितीदा लावतात तेही.

फुलेवाडी_४२

खूप आभार. तंबाखू अजिबात नाही. दोन गोष्टी अजून. एचबीएवनसी ७ च्या आत आणूनच अर्ज करावा का? आणि एक सांगायचं राहिलं, तो विषय मला जास्त टोचतोय. साधारण दोन वर्षांपूर्वी ५ लाखांची एक पॉलिसी काढली आहे, विनामेडिकल. तेव्हा फॉर्म टॅबवर भरला गेला, मी फक्त ओटीपी सांगितला. बाँड (पॉलिसीचा कागद) आज उघडून बघितला तर मागे जोडलेल्या अर्जाच्या (प्रस्तावाच्या) प्रतीत मधुमेहासमोर "नाही" आहे.

छाननी_टेबल

पहिल्याचं उत्तर: तीन-चार महिन्यांत खाली येण्यासारखं असेल तर आणा, पण विम्याशिवाय उघडं राहून नाही. ७.९ वरून ७ च्या आसपास आलं आणि त्याबरोबर वजन चार-पाच किलो उतरलं तर लोडिंगचा टप्पा बदलू शकतो. पण वर्षभर वाट बघू नका. काही योजनांत वय जवळच्या वाढदिवसानं धरतात, म्हणजे ४२ वर्षं ६ महिने ओलांडले की तुम्ही त्यांच्या हिशोबात ४३ चे. डॉक्टरांनी औषध बदललं तर स्थिर व्हायला तीन महिने द्या, कालच इन्सुलिन सुरू झालेला अर्ज बहुधा पोस्टपोन होतो.

आणखी एक बारकावा. अर्ज आणि पॉलिसी निघणं यांच्यामध्ये नवीन काही निघालं, छातीत दुखून ईसीजी काढला तरीसुद्धा, तर ते कळवायचं. पॉलिसी निघाल्यावर नवीन आजार झाला तर कळवायची गरज नसते, त्यानं पॉलिसीला धक्का लागत नाही. हे उलटं समजून लोक नंतरचा आजार घाबरून कळवतात आणि आधीचा लपवतात.

क्लेम_फाईल

जुन्या पॉलिसीचं मी सांगतो. गप्प बसून तिसरं वर्ष उलटायची वाट बघू नका. नव्या फॉर्मवर तुम्ही शुगर २०१९ पासून लिहिणार आणि जुनी पॉलिसीही लिहिणार. दोन कागद शेजारी ठेवले की विसंगती दिसतेच.

शाखेला साधं पत्र द्या, मराठीत चालतं. पॉलिसी नंबर, "प्रस्तावातील अमुक प्रश्नाचं उत्तर चुकीचं नोंदवलं गेलं आहे, मला २०१९ पासून मधुमेह व २०२१ पासून रक्तदाब आहे, दुरुस्ती करावी", सोबत चिठ्ठी आणि रिपोर्ट. दोन प्रती न्या, एकीवर पोच शिक्का आणि तारीख घ्या. ईमेलही करा. कंपनी जादा हप्ता लावेल किंवा पॉलिसी रद्द करेल. दोन्हीची तयारी ठेवा. पण नवीन पॉलिसीचा बाँड हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता थकवू नका आणि स्वतःहून बंद करू नका. दोन वर्षं त्या "नाही"वर झोप लागत असेल तर तशी झोप घरच्यांना परवडणारी नाही, हे मनापासून सांगतो.

नव्या वेळी: टॅबवर फॉर्म कुणीही भरला तरी ओटीपी देण्याआधी पूर्ण पीडीएफ मागून वाचा. ओटीपी म्हणजे सही. फॉर्म इंग्रजीत आणि सही मराठीत असेल तर "प्रश्न मराठीतून समजावून सांगितले" या मजकुराखाली समजावणाऱ्यानं सही करायची असते, ती जागा कोरी सोडू नका. फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टर प्रश्न विचारतात, ते रेकॉर्ड होतं, तिथं फॉर्मपेक्षा वेगळं उत्तर जाऊ नये. एजंटला सगळं तोंडी सांगितलं असेल तरी तेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. बाँड आला की ३० दिवसांचा फ्री लुक असतो. त्यात मागची प्रस्तावाची प्रत ओळीनं वाचा, चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पटलं नाही तर परत करता येते, मेडिकलचा खर्च, स्टॅम्प आणि तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता कापून बाकी पैसे मिळतात.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे खरं लिहिणाऱ्यांचेही दावे अडकतात. दवाखान्यात इमर्जन्सीला नेलं की डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, शुगर किती वर्षांपासून? गडबडीत भाऊ सांगतो, "झाली असतील दहा वर्षं." केसपेपरवर "डीएम, १० वर्षे" (डीएम म्हणजे मधुमेह) लिहिलं जातं आणि तीच ओळ डिस्चार्ज कार्डावर, मृत्यूच्या कागदांवर उतरते. फॉर्मवर २०१९ आणि कार्डावर दहा वर्षं, म्हणजे तपास करणाऱ्याच्या लेखी तुम्ही आधीपासून लपवलं होतं. म्हणून पहिल्या निदानाची तारीख असलेला कागद, पहिली चिठ्ठी किंवा पहिला रक्ताचा रिपोर्ट, जपून ठेवा. घरच्या दोघांना वर्ष पाठ करून ठेवायला सांगा: शुगर २०१९, बीपी २०२१. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डिस्चार्ज घेण्याआधी डॉक्टरांकडून दुरुस्त करून सही-शिक्का घ्या, नंतर रेकॉर्डवाले हात लावत नाहीत.

कसबा_बावडा

मोठा विमा होईपर्यंत काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं.

तुमचा पीएफ कापला जातो म्हणजे ईडीएलआय (पीएफबरोबर मिळणारा आयुर्विमा) आहेच. नोकरीत असताना मृत्यू झाला तर कमाल ७ लाख, मेडिकल नाही, हप्ता मालक भरतो. दावा फॉर्म ५ आयएफवर. पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन आजच बघा, लग्नाआधीचं आईचं नाव तसंच राहिलेलं असतं. कंपनीचा ग्रुप टर्म असेल तर एचआरला विचारा की किती रकमेपर्यंत मेडिकल लागत नाही. हे दोन्ही नोकरीपुरतंच, नोकरी सुटली की संपलं.

बँकेत प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा: वर्षाला ४३६ रुपये, २ लाख, वय १८ ते ५० मध्ये शिरता येतं, तपासणी नाही. पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यू धरतात. दोन बँकांतून कापून घेतलं तरी २ लाख एकदाच मिळतात. मे अखेरीस खात्यात पैसे ठेवा. सुरक्षा विम्याचे २० रुपये वेगळे, तो अपघातापुरता. जुनी एलआयसी किंवा पोस्टाची पॉलिसी, शुगर लागण्याआधीची असेल, तर ती मोडू नका. बंद पडली असेल तर पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत रिव्हाइव्ह होते, मात्र तब्येतीचं डिक्लरेशन पुन्हा खरं भरावं लागतं. गावाकडच्या लोकांनी ग्रामीण डाक विम्याची चौकशी करावी, त्यात १० लाखांपर्यंत मर्यादा आहे.

कर्जाबरोबरचा बँकेचा विमा घेणार असाल तर त्यातली एक ओळ बघा: "मी निरोगी असून कुठलंही औषध चालू नाही." पंचवीस सह्यांच्या गठ्ठ्यात ती असते. तिथं खूण करून सही केलीत तर तुमचं तेच होईल जे जुन्या पॉलिसीचं झालं. शिवाय त्याचा एकरकमी हप्ता बहुधा कर्जातच मिळवतात, म्हणजे त्यावरही व्याज. आणि टर्म काढताना कर्जाचा विचार करून एमडब्ल्यूपी (मॅरीड विमेन्स प्रॉपर्टी, म्हणजे विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा) कायदा १८७४ खाली काढायचं का ते फॉर्म भरतानाच ठरवा. मग ती रक्कम बायको-मुलांची राहते, देणेकऱ्यांना हात लावता येत नाही. पॉलिसी निघाल्यावर हा पर्याय मिळत नाही.

फुलेवाडी_४२

जुन्या पॉलिसीचं पत्र उद्याच देतो. शेवटचा प्रश्न: नव्या पॉलिसीचा दावा उद्या कुणी नाकारलाच तर घरच्यांनी कोल्हापुरात कुठं जायचं?

क्लेम_फाईल

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, आपला जिल्हा पुण्याच्या कार्यालयात येतो. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत. मात्र लोकपालाची मर्यादा ५० लाखांची आहे. तुमचा दावा ७५ चा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, कोल्हापुरातच आहे, मुदत दोन वर्षं. तिथं मर्यादा दाव्याच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्यांवर मोजतात, त्यामुळे बसतं. काहींनी ५० आणि २५ अशा दोन पॉलिसी काढलेल्या असतात, त्यामागे हे एक कारण असतं.

कंपनीला नाकारण्याची कारणं आणि आधार लेखी द्यावे लागतात, फोनवरच्या "रिजेक्ट झालं" वर उठून येऊ नका. या धाग्यात आलेले सगळे कागद, पहिली चिठ्ठी, पोच शिक्क्याचं पत्र, प्रस्तावाची प्रत, एका फाईलला लावा आणि ती फाईल कपाटात कुठं आहे ते मिसेसना दाखवून ठेवा.